सहीआधीचा हात

बानी,
१९ ऑगस्ट २००८

लाडक्या एलिहियो,

आधी आईचा आशीर्वाद घे. ती आत्ता चुलीपाशी दूध आटवतेय आणि तिथूनच ओरडून सांगतेय, की पत्रात आधी आशीर्वाद लिही, बाकीच्या गप्पा नंतर. तर लिहिला.

आम्ही सगळे बरे आहोत. तूही बरा असशील असं धरून चालते. जूनपासून तुझा फोन नुसता वाजतो आणि वाजून वाजून थांबतो. आई म्हणते, नंबर बदलला असेल. मीही म्हणते, हो, बदलला असेल. बदलला असता तर वाजला नसता एवढं मला कळतं, पण तिला कशाला सांगू! लुझमिला परवा अमेरिकेला, प्रॉव्हिडन्सला परत चाललीय, तिच्याबरोबर हे पत्र देतेय. ती तुझ्या बेकरीत आणून देईल. सोबत दुधाच्या वड्यांचा डबा आहे. वाटेत तिनं अर्ध्या खाल्ल्या नाहीत तर तुला मिळतील.

इकडच्या बातम्या म्हणशील तर यंदा आंब्याला अंत नव्हता. मागच्या कुंपणापाशी इतका सडा पडायचा की शेळ्याही नाक मुरडायला लागल्या. आईचं पाया गावाच्या रस्त्यावरचं वड्यांचं दुकान बरं चाललंय. राजधानीकडे जाणाऱ्या बसगाड्या अजूनही तिथेच थांबतात आणि ती अजूनही प्रत्येक ड्रायव्हरला एक वडी फुकट देते. तिचे गुडघे दुखतात, पण बसून राहा म्हटलं तर मलाच उठवते. मी शाळेच्या ऑफिसातच आहे. माझं लग्न झालेलं नाही, तू विचारण्याआधीच सांगून टाकते.

आपल्या धाकट्या नेफ्तालीबद्दल तुला कुणीतरी सांगितलं असणार. कोच चागोनं सांगितलं असेल, नाहीतर तिकडच्या आपल्या लोकांनी. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं वेगळं. मी तिथे होते, तर माझ्याकडून ऐक.

अमेरिकेहून बेसबॉल टीमचा मोठा साहेब येणार, सही करण्याआधी त्याला नेफ्तालीला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचंय, असं बेनितेझनं आठवडाभर आधीच कळवलं होतं. बेनितेझ म्हणजे टीमचा इकडचा माणूस, गेल्या वर्षी आपल्या अंगणात आईच्या हाताचं बकऱ्याचं मटण खाऊन 'हा पोरगा आमचा' असं म्हणून हात मिळवून गेला होता तो. कागद नव्हता, नुसता हात मिळवला होता. त्या दिवसापासून चागोनं नेफ्तालीला दुसऱ्या कुठल्याच टीमला दाखवलं नाही, आणि गावात सगळे दोन जुलै दोन जुलै करायला लागले. टीमशी करारावर सही करायचा दिवस. किराणा दुकानात डॉमिनो खेळणारे म्हातारेसुद्धा नेफ्ताली दिसला की सोंगट्या खाली ठेवून म्हणायचे, "काय रे पिचर, दोन जुलैनंतर आम्हाला ओळखशील ना?" तो लाजायचा. तुझ्यासारखाच, कान लाल करून.

त्या सकाळी त्यानं नीट खाल्लं नाही. आईनं हिरवी केळी उकडून, ठेचून, वर तळलेलं चीज घालून दिली, तर डाव्या हातानं काटा धरून दोन घास खाल्ले. आई म्हणाली, "डावखुरा कधीपासून झालास?" तो म्हणाला, "उजवा साहेबासाठी राखून ठेवलाय." आम्ही हसलो. एलिहियो, आम्ही दोघीही हसलो रे.

मैदानावर पत्र्याच्या सावलीत पोरांच्या आया, चागो, बेनितेझ आणि तो साहेब. साहेब उंच, उन्हानं लालभडक, पण माणूस वाईट नाही वाटला. आईला खुर्ची दिली त्यानं स्वतः उठून. नेफ्ताली पिचरच्या, चेंडू टाकायच्या उंचवट्यावर चढला. पहिले काही चेंडू सहज टाकले. बेनितेझच्या हातात ती वेग मोजायची बंदूक होती, तो आकडा बघून साहेबाला दाखवायचा आणि साहेब मान हलवायचा. मग चागोनं टोपी मागेपुढे केली. आता जोर लाव, असा त्याचा इशारा. तुला माहीत आहे, तुलाही त्यानंच तयार केलंय.

नेफ्तालीनं जोर लावला. ब्याण्णव मैल, मग चौऱ्याण्णव. बायांनी टाळ्या वाजवल्या. पुढचा चेंडू त्याच्या हातून सुटला तो कॅचरकडे गेलाच नाही. कुठेतरी कडेला, शेळ्या चरत होत्या तिकडे गेला. मला वाटलं निसटला. पण कॅचरनं मुखवटा काढला आणि तसाच उभा राहिला. त्यानं मला नंतर सांगितलं, त्याला तिथपर्यंत कोपरातला आवाज ऐकू आला होता.

नेफ्ताली ओरडला नाही. उजवा हात पोटाशी धरून तो उंचवट्यावरून उतरला, चालत शेळ्यांपर्यंत गेला, वाकून डाव्या हातानं चेंडू उचलला, तो पँटला पुसला आणि साहेबासमोर येऊन त्याच्या हातात ठेवला. त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "थँक यू, सर."

तूच शिकवलं होतंस ना त्याला, काहीही होवो, साहेबाच्या डोळ्यांत बघायचं आणि थँक यू म्हणायचं?

साहेबानं टोपी काढली. इंग्रजीत बराच वेळ काहीतरी बोलला, आणि बेनितेझनं त्यातला एक शब्दही आम्हाला सांगितला नाही.

राजधानीत टीमच्या डॉक्टरकडे एमआरआय झाला. कोपराच्या आतल्या बाजूची ती हाडांना बांधून ठेवणारी दोरी, लिगामेंट, तुला नाव सांगायला नको. पूर्ण तुटलंय. डॉक्टर म्हणाले, असं एका दिवसात तुटत नाही, आधीपासून झिजलेलं होतं. त्यांनी त्याला विचारलं, "किती दिवसांपासून दुखत होतं?" नेफ्ताली म्हणाला, "दुखत नव्हतं. त्याच दिवशी झालं." डॉक्टरांनी फिल्मकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. मीही नाही विचारलं. ते राहू दे.

मग जूनच्या शेवटी बेनितेझ आला. आईला वाटलं, सहीचे कागद घेऊन आलाय. तिनं चांगला टेबलक्लॉथ काढला. तो बसला, कॉफी घेतली, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली, पावसाबद्दल बोलला. मग म्हणाला, "मुलगा गुणी आहे, सेन्योरा. फार गुणी. देव त्याला दुसरा मार्ग दाखवेल."

आई म्हणाली, "हो, आणि ऑपरेशन झालं की तुम्ही आहातच."

तो कपात बघत राहिला. "सेन्योरा, सही तर झालेली नाही ना."

"दोन तारखेला होईलच की. अजून चार दिवस आहेत."

नेफ्ताली दाराला टेकून उभा होता, हात झोळीत. तो हळूच म्हणाला, "आई, ते परत येणार नाहीत." आणि आईनं काय केलं माहितीये? उठली, आत गेली, वड्यांचा एक डबा भरून आणला आणि बेनितेझच्या हातात दिला. "तुझ्या आईला दे," म्हणाली. त्यानं तो घेतला. गाडीत जाऊन बसला, पण बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

तर असं आहे. चागोनं सुरुवातीला दोन-तीनदा चक्कर मारली, नंतर नाही. त्याच्याकडे पुढच्या जुलैची पोरं आहेत. नेफ्तालीचा हात आता झोळीतून बाहेर आलाय, पण सरळ होत नाही. जेवताना तो बाजूच्या खुर्चीवर ठेवतो, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा.

रोज संध्याकाळी विचारतो, "एलिहियोचा फोन आला होता?"

त्याला फोन कर. बाप गेला तेव्हा तो रांगत होता. चेंडू धरायला तूच शिकवलंस, आधी अंगणात, मग फोनवर. तू काही बोलला नाहीस तरी चालेल, नुसता फोन कर.

आईनं आतून विचारलंय, थंडीचा कोट घेतलास का.

तुझी बहीण,
योकास्ता


बानी,
२३ नोव्हेंबर २००८

एलिहियो,

पत्र पोचलं, हे लुझमिलानं कळवलं. तिला मी खोदून खोदून विचारलं. म्हणाली, तू पीठ लागलेल्या हातानं पत्र घेतलंस, ॲप्रनच्या आत सरकवलंस, डबा शेजारच्या मुलीला देऊन टाकलास आणि तिला विचारलंस, बाहेर बर्फ पडायला लागलाय का. ऑगस्टमध्ये!

मागच्या पत्रात मी एक गोष्ट 'राहू दे' म्हणून सोडून दिली होती. तेव्हा मला खरंच माहीत नव्हती, नुसता वास आला होता. आता माहीत आहे. म्हणून यावेळी आशीर्वाद, आंबे, शेळ्या काही नाही. सरळ लिहिते.

ऑक्टोबरपासून नेफ्ताली पुन्हा मैदानावर जायला लागला होता. करणार काय, त्याला दुसरीकडे कुठे जायचं ते ठाऊकच नव्हतं. पहाटे उठायची सवय, पायांना तीच वाट. चागोनं त्याला चेंडू गोळा करायला, लहान पोरांना पळवायला ठेवून घेतलं. मला वाटलं, बरंच झालं, माणसात राहील. तिथे यान्सेल म्हणून एक पोरगा आहे, बारा-तेरा वर्षांचा, काटकुळा, पण चेंडू असा सोडतो की चागोच्या तोंडाला पाणी सुटतं. गेल्या आठवड्यात टीमची कुठली तरी माणसं यायची होती म्हणून चागो त्याच्याकडून टाकून घेत होता. एकामागून एक. पोरगा मधेच हात झटकायचा आणि परत टाकायचा.

मी तिथे नव्हते. शेजारच्या मोरेनाचा मुलगा होता, त्यानं सगळं येऊन सांगितलं. नेफ्ताली कडेला बादली घेऊन उभा होता. त्यानं बादली खाली ठेवली, चालत उंचवट्यावर गेला आणि यान्सेलच्या हातातून चेंडू काढून घेतला.

चागो ओरडला, "ए! काय करतोस?"

"याला दुखतंय."

"तुला कुणी विचारलं? पिचर मोडला आणि डॉक्टर झाला काय?" पोरं हसली.

नेफ्ताली म्हणाला, "त्यालाच विचारा."

चागोनं विचारलं, "यान्सेल, दुखतंय का रे?" यान्सेलनं चागोकडे पाहिलं, नेफ्तालीकडे पाहिलं आणि मान हलवली. "नाही, कोच."

"बघितलंस? चेंडू दे इकडे."

"मीसुद्धा असंच म्हणायचो, कोच," नेफ्ताली म्हणाला. "आणि तुम्हाला माहीत असायचं."

त्यानं चेंडू दिला नाही. खिशात घातला, यान्सेलचा दंड धरला आणि त्याला त्याच्या घरापर्यंत चालवत नेऊन त्याच्या आईच्या हवाली केलं. त्या माउलीनं दारातच नेफ्तालीला शिव्या घातल्या. माझ्या पोराचं नशीब खुपतं का तुझ्या डोळ्यांत, म्हणाली. चागोनं सांगून टाकलंय, नेफ्तालीनं पुन्हा मैदानात पाऊल टाकायचं नाही. यान्सेल दुसऱ्या दिवशी परत टाकायला हजर होता.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं मागच्या अंगणात दूध गाळत होतो. आई दुकानावर होती. मी चिडलेच होते. म्हटलं, "दुखत होतं तर तू का नाही बोललास? चागोचं सोड, मला का नाही सांगितलंस? मला सांगायला काय झालं होतं?"

तो म्हणाला, "एलिहियोला सांगितलं होतं."

मग त्यानं सगळं सांगितलं, एलिहियो. मे महिन्यात किराणा दुकानातून त्यानं तुला फोन केला. म्हणाला होता, कोपरात आतून ठसठसतंय, सकाळी कॉफीचा कप तोंडापर्यंत जात नाही. मग तू विचारलंस, अजून कुणाला माहीत आहे? तो म्हणाला, कुणालाच नाही. आणि तू म्हणालास, "मग दोन जुलैपर्यंत तोंड उघडू नकोस. सहीआधी तुझा हात हा नुसता तुझा हात आहे, त्याचं कुणाला काही पडलेलं नाही. सही झाली की तो त्यांचा माल. आपला माल ते दुरुस्त करतात. सही कर आणि दुसऱ्या दिवशी सांग."

शब्द न् शब्द पाठ आहे त्याला. प्रार्थना म्हणावी तसं म्हणून दाखवलं.

मी भांडं खाली ठेवलं. तुला खोटं सांगत नाही, तू समोर असतास तर मी तुझ्या थोबाडीत मारली असती. पुढचे सगळे दिवस मी तुझं नाव दातांखाली चावत हिंडत होते. शाळेत कुणी विचारलं, भाऊ कसा आहे, की मी विचारायचे, कुठला?

पण नेफ्ताली तुझ्यावर चिडलेला नाही. मी तुला काही बोलले की तो मलाच गप्प करतो. म्हणतो, "योका, त्याचं चुकलं नव्हतं. तो तिकडे खेळायचा तेव्हा त्यानं खरं सांगितलं होतं ना टीमला? तिकडच्या एवढ्याशा गावात, एकटा होता, हात दुखतोय म्हणून स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी कापला, शिवला, वर्षभर व्यायामाचं रबर ओढायला लावलं आणि मग एका सकाळी बोलावून तिकीट हातात दिलं. ज्याला खरं बोलून असं मिळालं तो मला दुसरं काय सांगणार?"

सोळा वर्षांचा आहे रे तो.

हे तू मला कधीच सांगितलं नव्हतंस. मला एवढंच माहीत होतं, की ऑपरेशन झालं, जमलं नाही आणि तू तिकडेच राहिलास. आईला आम्ही सांगायचो, तिथे पगार चांगला आहे म्हणून येत नाही. ते तिकीट बानीला परत यायचं होतं, हे मला गेल्या आठवड्यात कळलं. तू ते वापरलं नाहीस. गावातल्या म्हाताऱ्यांनी सोंगट्या खाली ठेवून तुझ्याकडे बघावं, हे तुला सोसवलं नाही. मला आता समजतंय. तेव्हा नव्हतं समजलं, कारण मी विचारलंच नाही आणि तू सांगितलंच नाहीस.

तुझा सल्ला बरोबर होता का चूक, हे मी रोज वेगवेगळं ठरवते. कधी वाटतं, तू बोलला असतास, थांब, टाकू नकोस, तर हात वाचला असता. कधी वाटतं, थांबला असता तर बेनितेझ मेमध्येच उठून गेला असता, आणि हातही असाच राहिला असता, कारण तो दुरुस्त कुणी केला असता? कसंही केलं तरी पोरगं याच अंगणात बसलेलं दिसतं मला. मग राग कुणावर धरायचा तेच कळत नाही.

आईला मी हे सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तुला ती भीती असेल तर ती मनातून काढून टाक.

आता इकडचं कसं आहे ते सांगते. राजधानीतल्या सरकारी हॉस्पिटलात दाखवलं. ते म्हणाले, रोजच्या कामापुरता हात येईल, व्यायाम केला तर. चेंडूसाठीचं ऑपरेशन वेगळं, ते इथे होत नाही. नेफ्तालीनं ऐकून घेतलं आणि बसमध्ये खिडकीला डोकं लावून झोपला, किंवा झोपल्यासारखं केलं. आता तो आईबरोबर दूध आटवायला बसतो. मोठी पळी लागते, डाव्या हातानं ढवळतो, उजव्यानं जमत नाही. पहिल्या दिवशी तळाला लागलं सगळं. आईनं ते करपलेलं खरवडून आम्हाला खायला दिलं आणि म्हणाली, हेच जास्त चांगलं लागतं. शाळेत नाव घातलंय त्याचं पुन्हा. चागोकडे गेल्यापासून सोडली होती, त्यामुळे वर्गात सगळ्यांपेक्षा हातभर उंच आहे. मागच्या बाकावर बसतो.

सकाळी मात्र अजून पहाटेच उठतो. बूट घालतो. मग बूट घालून पायरीवर बसून राहतो, उजाडेपर्यंत. मी खिडकीतून बघते. त्याला जायला जागा नाही आणि पायांना ते समजत नाही.

आणि हे लिहायचं मी पहिल्या ओळीपासून टाळतेय. तो आता विचारत नाही, तुझा फोन आला होता का. फोन वाजला तरी मान वर करत नाही. आई धावते, गुडघे दुखत असून. तो धावत नाही.

डिसेंबर आला. आता तिकडची सगळी माणसं येतील, खोकी घेऊन, परफ्यूम मारून, विमान टेकताच टाळ्या वाजवत. तू खोकं आणू नकोस, काही आणू नकोस. माफी मागायचीही गरज नाही. त्यानं ती मागितलेली नाही. मला वाटतं, तुझ्या तोंडून माफी ऐकली तर तोच तुझी समजूत काढत बसेल, आणि ते मला बघवणार नाही.

तू ये आणि त्या पायरीवर त्याच्या शेजारी बस. मला त्याच्याशी काय बोलावं कळत नाही, आईला तर नाहीच नाही. मैदान संपल्यावर दुसऱ्या दिवशीची सकाळ कशी काढायची, आणि तिच्या पुढची, हे आपल्या घरात फक्त तुला माहीत आहे.

तुम्हा दोघांचीही बहीण,
योकास्ता